बॅटरीचा ठराव

कुंदाताईंनी आयुष्यातली पहिली गाडी निवडली, ती विजेवर चालणारी. सोसायटीने पार्किंगमध्ये चार्जर बसवायला परवानगी दिली, की लगेच बुकिंग करायचं होतं. पण अध्यक्ष निंबाळकरसाहेबांनी भर सभेत त्यांचा अर्ज बाजूला सारला.

"ताई, तुम्ही मिक्सर निवडा, गाड्यांचं आम्हाला कळतं. बॅटरी म्हणजे बॉम्ब. ज्या गाडीत बॅटरी असेल, ती या आवारात उभी राहणार नाही."

काही जण हसले. कुंदाताईंनी आवाज न चढवता विचारलं.

"शब्द बदलणार नाही ना, साहेब?"

"निंबाळकरांचा शब्द आहे."

"मग आधी तुमची पेट्रोलची गाडी बाहेर काढा. गणपतीत ती सुरू होईना, तेव्हा 'बॅटरी उतरलीय, जरा धक्का मारा' म्हणून तुम्हीच सगळ्यांना खाली बोलावलंत. मीही पदर खोचून आले होते. तेव्हा काय शेजाऱ्यांकडून बॉम्ब ढकलून घेत होता?"

आता मात्र सगळेच हसले. साहेबांनी बाजूला सारलेला अर्ज पुढे ओढला. ज्या हातांनी गणपतीत त्यांची गाडी ढकलली होती, तेच हात परवानगीसाठी वर झाले.