झिपरूचं पाणी

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी धुके, दहानंतर कोरडे ऊन, वारा नाही. डोंगरसोंड्याचे तळे पाहिले. लव्हाळे दाट, पाणी काळसर. तळ्याला बांध नाही. गावातल्या म्हाताऱ्या उखर्डूआप्पांनी बाभळीखाली बसून हकिकत सांगितली, ती अशी.

पूर्वी म्हणे इथे गव्हाची जमीन होती. पाटाचे पाणी शेतोशेती देण्याचे काम झिपरू पाटकऱ्याकडे होते. त्या चाकरीबद्दल त्याच्या आजाला चार बिघे मिळाले होते. नवल पाटलाने बांध नांगरून ते आपल्या शेतात घातले. झिपरू तीन वर्षे पंचांच्या पाया पडला. शेवटी पौषात चावडीवर पाटीलच वैतागून म्हणाला, "झिपऱ्या, त्या जमिनीवर पाणी सोड आता."

पाणी सोड, म्हणजे हक्क विसर. हे पोरालाही कळते. झिपरूने मात्र हात जोडून विचारले, "किती सोडू, धनी?"

चावडी हसली. पाटील म्हणाला, "आहे तेवढं सगळं सोड. आणि गप घरी बस."

झिपरूने पाचही पंचांकडे एकेक करून पाहिले. "ऐकलंत ना, दादा?" पंचांनी माना डोलावल्या.

त्या दिवशी त्याने काहीच केले नाही. गहू ओंबीला येऊ दिला, भरू दिला, पिवळा होऊ दिला. पाटलाने विळे पाजवून घेतले, कापणीची माणसे बोलावली, पंच शेजारगावी लग्नाला गेले, त्या दिवशी झिपरूने पाटाचे दार पूर्ण उचलले आणि घरी जाऊन बसला.

पाटील चिखलाने माखून त्याच्या दारात आला. आधी शिव्या दिल्या, मग विनवले. चार बिघे परत देतो म्हणाला. झिपरू उठला नाही असे सांगतात. तो एवढेच म्हणाला, "सोडायचं पंचांसमोर ठरलं, पाटील. बंद करायचंही त्यांच्यासमोर सांगा."

पाटलाच्या माणसांनी पाटाचे दार खाली पाडायला हात घातला. पण वरून पाण्याचा एवढा जोर, ते हलेना. पंच पाचव्या दिवशी आले. तोवर खोलगट जमीन भरली होती. ते पाणी पुढे कधी उतरलेच नाही म्हणे. पंचांनी झिपरूला दोष दिला नाही. हुकूम त्यांनी ऐकला होता.

आजही इथे कुणी सांगितलेले अक्षरशः पाळून सूड उगवला, की म्हणतात, "त्यानं झिपरूचं पाणी सोडलं."

तळ्याखाली सोळा बिघे आहेत. बारा पाटलाचे, चार झिपरूचे.