मर्यादेबाहेरचं मोजमाप

"आणि फेकलीस किती?" मोहिमेच्या प्रमुख शास्त्रज्ञ पालयेकर बाईंनी विचारलं.

"एकच. बाराशे मोजमापांतलं एक."

निषाद सोमण हसत म्हणाला. दक्षिण ध्रुवाजवळचा समुद्र कसा वाहतो, याचं मॉडेल त्यानं चार वर्षं खपून संगणकावर उभं केलं होतं. समुद्रातून येणारी मोजमापं त्यात मिसळायची आणि प्रवाहांचा नकाशा काढायचा, हे जहाजावरचं त्याचं काम. पोरगा हुशार होता. ते त्याला कोणी सांगावं लागत नसे.

आज त्या नकाशावर जीव टांगलेले होते. खाडीच्या आतल्या संशोधन-तळावर चार माणसं अडकली होती, त्यातल्या एकाचा ताप तीन दिवस उतरत नव्हता. धुक्यामुळे हेलिकॉप्टर उडेना. नकाशा म्हणत होता, खाडीतले हिमनग बाहेर वाहून जातील, वाट मोकळी होईल. कॅप्टन धुरी बाराला जहाज आत घालणार होते. अकरा वाजून गेले होते.

"का फेकलंस?"

"अडीचशे मीटर खोलीवर वाहत राहणारं एक यंत्र खाडीच्या आत वर आलं. म्हणजे प्रवाह उलटा, आत जाणारा. मॉडेलशी फरक मर्यादेबाहेर होता, बाई."

"मर्यादा कशावरून ठरली?"

"मॉडेल किती चुकू शकतं, त्यावरून."

"आणि ते किती चुकू शकतं, हे कोणी ठरवलं?"

"मी..."

बाई उठून डेकवर गेल्या. निषाद मागोमाग. जहाज बर्फाच्या कडेला दोरांनी बांधलेलं होतं, जागचं हलत नव्हतं. बाईंनी केबलचं रहाट चालवणाऱ्या विंचवाल्याला उपकरण पाण्यात सोडायला सांगितलं.

पन्नास मीटर. केबल बाहेरच्या समुद्राकडे झुकली.

"बघा!" निषाद ओरडला.

"अजून सोड," बाई विंचवाल्याला म्हणाल्या.

दोनशेला केबल सरळ झाली. अडीचशे गेले, तीनशे गेले... आणि ती खाडीच्या आत झुकू लागली.

निषादचा चेहरा उतरला. "म्हणजे ते यंत्रच खरं. मग मॉडेलच काढून टाकतो."

"आणि मघाशी केबल बाहेर गेली, ती?"

बाईंनी समोरच्या हिमनगाकडे बोट केलं. त्याचं बूड तीनशे मीटर खाली होतं, हे निषादला चांगलं माहीत होतं. वरचं पाणी त्याला बाहेर ओढणार, खालचं आत.

वॉकीटॉकी खरखरला. "सोमण, निघू ना?"

निषादनं तो तोंडाशी धरला. "नको, कॅप्टन. तो नकाशा चुकलाय. किती चुकलाय, तेही मला माहीत नाही. फेकलेलं मोजमाप परत घेतो, मॉडेलची चूक मोठी धरतो, दुसरा नकाशा काढतो. दोन तास द्या."

"आतल्या आजाऱ्याकडे दोन तास आहेत का?"

"माहीत नाही. पण हिमनग आतच राहिले, तर आपणही अडकू."

"सकाळी तर छातीठोक सांगत होतास. मग या दुसऱ्या नकाशावर मी विश्वास का ठेवू?"

निषादनं पुन्हा त्या आत झुकलेल्या केबलकडे पाहिलं.

बाईंनी वॉकीटॉकी त्याच्या हातातून घेतला.

"ठेवा विश्वास, कॅप्टन. आता तो घाबरलाय."