पुढे जाऊन थांबणारा

एकदा एक कापडाचा व्यापारी आपल्या बालमित्रासह नर्मदेच्या परिक्रमेस निघाला. व्यापाऱ्याचे नाव विसाजी, मित्राचे त्रिंबक. त्रिंबक गावात मुलांना शिकवीत असे; देह स्थूल, चाल संथ. विसाजी मात्र काटक, आणि स्वभावाने उतावळा. चातुर्मास लागला की परिक्रमावासीयांना असतील तिथे चार महिने मुक्काम करावा लागतो. त्याआधी परिक्रमा पुरी व्हावी, हा ध्यास विसाजीला झोपेतही स्वस्थ पडू देईना.

तो झपाझप पुढे जाई, एखाद्या झाडाखाली बसून मागे बघत राही आणि मनात धुमसत राही. त्रिंबक धापा टाकत पोहोचला की म्हणे, "किती वेळ वाट पाहायची रे तुझी? चल आता." त्रिंबक ओशाळून हसे आणि निमूट पाऊल उचली.

असे दीड महिना चालले. एके संध्याकाळी ते किनाऱ्यावरच्या एका वृद्ध साधूच्या कुटीत उतरले. त्रिंबक स्नानाला गेलेला पाहून विसाजी हात जोडून म्हणाला, "बाबा, माझ्या मित्राला इथेच ठेवून घ्या. मी एकटाच पुढे जातो. त्याच्यापायी माझी परिक्रमा अडली आहे."

साधू हो म्हणाले नाहीत की नाही. एवढेच म्हणाले, "सकाळी डोंगरावरच्या पाड्यात पीठ पोहोचवायचे आहे. तेवढे काम कर, मग बोलू."

सकाळी त्यांनी पिठाचे पोते विसाजीच्या खांद्यावर दिले आणि स्वतः रिकाम्या हातांनी चढण चढू लागले. वय ऐंशीच्या घरातले, पण पाय हरणाचे. पहिल्या वळणावर ते एका खडकावर बसून राहिले. घामाघूम विसाजी पोहोचताच, "आलास? चल," म्हणून उठले. दुसऱ्या वळणावर तेच, तिसऱ्यावरही तेच. चौथ्या वळणावर विसाजीने पोते धपकन खाली टाकले.

"अहो बाबा, जरा दम तरी घेऊ द्या!"

साधू नवलाने म्हणाले, "मी तर प्रत्येक वळणावर तुझ्यासाठी थांबलो."

"थांबलात! पण मी आलो की लगेच उठलात. विसावा सगळा तुम्हाला, मला कुठे?"

बोलता बोलता विसाजीची नजर खाली कुटीकडे गेली. चेहरा उतरला.

साधू त्याच्या शेजारी बसले. "बाळ, वाट पाहणे निराळे आणि सोबत करणे निराळे. पुढे जाऊन थांबणारा स्वतः ताजातवाना होतो, आणि वर आपण थांबलो याचा उपकारही मागच्यावर चढवतो. मागच्याला विसावा नाही मिळत, नुसते अपराधीपण मिळते. काल तुझ्या मित्राने पाय धुतले तेव्हा वेदनेने ओठ चावले. तू वाटेकडे बघत होतास."

विसाजीचा श्वास पुरता शांत होईपर्यंत दोघे तिथेच बसले, मग पीठ पोहोचवून परतले.

त्रिंबक कुटीबाहेर बसला होता. विसाजीला येताना पाहताच तो गडबडीने उठला आणि गाठोडे काखोटीला मारू लागला. मग थबकून म्हणाला, "विसाजी, तू पुढे जा. मी राहतो इथे. माझ्यामुळे तुझा खोळंबा होतो, हे का मला कळत नाही?"

"बस खाली," विसाजी म्हणाला. आवाज नेहमीसारखाच चढला, म्हणून त्याने पुन्हा हळू म्हटले, "बस रे. वहाणा काढ."

तळव्यांवरचे फोड फुटून चिघळले होते. विसाजीने पाणी आणले, बाबांकडून एरंडाचे तेल मागून घेतले आणि मित्राचा पाय मांडीवर घेतला. त्रिंबक संकोचाने पाय ओढू लागला, तसा त्याने तो घट्ट धरून ठेवला.

"निघायला उशीर होईल," त्रिंबक पुटपुटला.

"होऊ दे."

"चातुर्मास वाटेतच गाठेल आपल्याला."

"दोघांना एकाच गावात गाठू दे, म्हणजे झालं."

समोरून परिक्रमावासीयांचा एक जथा 'नर्मदे हर'चा गजर करत पुढे निघून गेला. विसाजीची नजर त्यांच्यामागे वळणापर्यंत गेली. त्याचे पाय अजून चुळबुळत होते. तो उठला मात्र नाही.