कुरणाचं भांडण

एका ओढ्याच्या दोन काठांवर दोन गावं होती. मधल्या कुरणावरून त्यांचं वैर. ते कधी सुरू झालं, हे कुणालाच आठवत नव्हतं.

एकदा पलीकडच्यांनी अलीकडची दहा गुरं हाकून नेली. अलीकडचा पाटील खवळला. चाळीस गडी घेऊन गेला आणि त्यांच्या कडब्याच्या साऱ्या गंजी पेटवून आला. म्हणाला, "आता विषय संपला."

आठ दिवसांत अलीकडच्या गंजी पेटल्या.

मग पाटलानं ऐंशी गडी जमवले. या खेपेला गावच जाळायचं ठरलं. पाटलाची बायको पलीकडची. नऊ वर्षं तिला माहेर दिसलं नव्हतं, आता ते उरणारही नव्हतं. ती रडत पाटलाच्या म्हाताऱ्या आत्याकडे गेली.

आत्या काठी टेकत आली. "बाळा, तुझ्या आज्यानं शंभर गडी नेले होते. विषय तेव्हाही संपला होता."

"मग मार खाऊन गप्प बसू?"

"गप्प बस कोण म्हणतंय? उद्या आधी बायकांना पोटभर भांडू दे. त्यानं भागलं नाही, तर तुझे गडी आहेतच."

पाटील कुरकुरला, पण आत्याचा शब्द त्याला मोडवेना.

सकाळी बायका काठावर उभ्या राहिल्या, मागे पाटील आणि त्याचे गडी. पलीकडच्याही धावत आल्या.

"अगं ए भोपळतोंडे, चोरलेल्या गाईंनी दूध किती दिलं गं?"

"दूध कसलं? तुमच्या पाटलाच्या मिशा बघून कधीच आटलंय."

आधी पाटलाचेच गडी हसले. मग पाटीलही.

पलीकडच्या बायकांमागे त्यांचे गडीही जमले होते, पुढे पाटलिणीचा भाऊ. पाटलीण त्याला ओरडली, "नऊ वर्षं मला न्यायला आला नाहीस, दगडा!"

"कसा येऊ, ताई? वाटेवर दाजींचे गडी गोफणी घेऊन बसतात. कुरणात शेळीसुद्धा शिरू देत नाहीत. आमची पोरं दुधावाचून राहतात."

पोरं दुधावाचून राहतात, हे पाटलाला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. तो धोतर सावरत ओढ्यात उतरला.

"एक दिवस तुमची गुरं, एक दिवस आमची. चालेल?"

"चालेल, दाजी. आणि तुमची दहा गुरंही घेऊन जा. फार खातात."

पाटलीण त्याच दिवशी माहेरी गेली.

तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी दोन्हीकडच्या बायका ढोल वाजवून मनसोक्त भांडू लागल्या. मधे कुणाचा बोकड कुणाच्या शेतात शिरलाच, तर लोक म्हणत, "असू दे, त्या दिवशी बघू."

पोरांनो, तात्पर्य एवढंच: जबर तडाखा दिला की समोरचा आपल्या पाळीची वाट बघतो, त्याचं गाऱ्हाणं ऐकलं की भांडणाला शेवट सापडतो.