मांडी घालून बसा, साहेब

ही गोष्ट राजदरबारातली नाही, लायसनच्या चाचणीच्या मैदानावरची आहे. पण तिथल्या निरीक्षकाचा तोरा राजाहून कमी नव्हता. बाई गाडी चालवायला बसली की हा तिला चढावर हमखास नापास करायचा.

साठीच्या भीमाक्का घोलप दुसऱ्यांदा चाचणीला आल्या होत्या. नवऱ्याची नजर गेलेली, दवाखाना तालुक्याला, आणि दारातली व्हॅन चालवायला दुसरं कोणी नाही. लायसन मिळवल्याशिवाय त्या हलणार नव्हत्या.

गाडी मोटार स्कूलची. तिच्यात शिकवणाऱ्यासाठी डावीकडेही ब्रेक असतो, आणि साहेब बसायचे तिथेच. मागच्या खेपेला चढावर गाडी बंद पडली, तेव्हा साहेबांचा बूट हललेला आक्कांनी पाहिला होता. पण म्हातारीचं ऐकतो कोण?

"आजी, चढावर थांबायचं, मग मागे न घसरता गाडी पुढे न्यायची. पोळ्या लाटण्याइतकं सोपं नाही ते!"

"नेते की. तुम्ही तेवढी मांडी घालून बसा."

"मांडी? कशाला?"

आक्कांनी बाहेर चाचणीसाठी उभ्या असलेल्या रांगेला ऐकू जाईल असा आवाज चढवला. "उद्या लोक म्हणतील, साहेबांनी ब्रेक दाबून म्हातारीला सांभाळून घेतलं. तुमच्या नावाला बट्टा नको."

सगळी रांग बघत होती. साहेबांनी निमूट मांडी घातली.

आक्का चढावर थांबल्या, हँडब्रेक सोडला आणि गाडी तसूभरही मागे न जाता वर चढली.

"पास," साहेब पुटपुटले आणि पाय सोडू लागले.

तेवढ्यात आक्का उतरल्या आणि रांगेतली पुढची बाई त्यांच्या जागी बसत म्हणाली,

"असू द्या साहेब, मांडी तशीच असू द्या."