पांढऱ्या पोटाचा गरुड आणि बशीभर पोहे

एका गावात एक भोळा जावई होता. तसा तो त्या गावचा नव्हे, पण भोळा म्हणून दोन्ही गावांत प्रसिद्ध. नाव दिगंबर. त्याला सांगितलेलं तो कधी विसरत नसे. संकट तेच होतं.

एका डिसेंबरात सासऱ्यांनी, वामनरावांनी, सगळ्यांना कोकणात समुद्रकाठी नेलं. सासूबाई आल्या, मुलगी कुंदा आली, आणि कुंदा आली म्हणजे दिगंबर आलाच, त्याला इलाज नव्हता. वामनरावांना पक्षी बघण्याचं भारी वेड. अकरा वर्षं ते पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाच्या मागावर होते, आणि तो काही दिसत नव्हता. आता गुडघे बोलायला लागले होते. "या खेपेला दिसला नाही तर राहिलाच," असं ते बायकोला म्हणाले होते. मुक्काम चार दिवसांचा.

पहिल्या सकाळी ओल्या वाळूत तुतवारांचा थवा चरत होता. वामनराव दुर्बीण डोळ्यांना लावतात न लावतात तोच दिगंबरने टाळ्या पिटल्या. "मामा, पक्षी, पक्षी." थवा उडून गेला.

जावयाला रागवता येत नाही. वामनरावांनी राग गिळला. "जावईबापू, असं काही जवळ आलं की ओरडायचं नाही. हलायचंही नाही. पुतळा व्हायचं."

"चुकलं मामा. आता लक्षात राहील."

दुसऱ्या दिवशी सासूबाई तळलेले बांगडे ओटीवर ठेवून पाणी आणायला आत गेल्या. कुत्रा आला. दिगंबर पुतळा झाला. कुत्र्याने सात बांगडे घाईघाईने खाल्ले. आठवा दिगंबरच्या पायाशी बसून निवांत खाल्ला.

"अहो, तुम्ही नुसते बघत बसलात?"

"बसलो नाही मामी, उभा होतो. पापणीसुद्धा हलवली नाही."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "जावईबापू, ओटीवर कुणी चढलं की काठी आपटायची. हाड म्हणायचं. फाटकाबाहेर जाईपर्यंत पाठ सोडायची नाही."

"चुकलं मामी. आता लक्षात राहील."

तिसऱ्या दिवशी धर्मा तांडेल आला. गरुडाचं घरटं कुठल्या बेटावर आहे ते त्याला ठाऊक होतं, आणि होडीतून दाखवायचं त्याने कबूल केलं होतं. वामनराव आत बुटांच्या नाड्या बांधत होते. धर्मा ओटीवर चढला. दिगंबरने काठी आपटली.

"हाड."

"अवो, मी धर्मा."

"हाड धर्मा."

धर्मा फाटकापर्यंत पळाला, तिथून काहीतरी बोलला आणि गेला तो गेलाच. निरोप धाडला तरी आला नाही. वामनरावांना रडू यायचंच बाकी होतं. तरी ते सावकाश म्हणाले, "जावईबापू, दारी माणूस आला की हाताला धरून आत आणायचं. खुर्ची द्यायची. चहा-पोहे द्यायचे. तो नको नको म्हणतोच, ते ऐकायचं नसतं. घाई आहे म्हणतो, तेही ऐकायचं नसतं. खाल्ल्याशिवाय सोडायचं नाही."

"चुकलं मामा. आता लक्षात राहील."

शेवटच्या सकाळी वामनरावांनी आशा सोडली होती. दुर्बीण खुंटीला अडकवून ते बायकोबरोबर आणि कुंदाबरोबर नुसतेच फिरायला गेले. दिगंबर पोह्यांपाशी थांबला. दहा मिनिटांत वामनराव धापा टाकत दारात हजर.

"खडकावर गरुड बसलाय म्हणतात. मला लांबचं दिसत नाही. दुर्बीण द्या."

दिगंबरने त्यांचा हात धरला. "या, बसा. पोहे घ्या."

"नको हो. मला घाई आहे."

दिगंबरला फार बरं वाटलं. सगळं अगदी सांगितल्याप्रमाणे चाललं होतं. "असं कसं मामा? खाल्ल्याशिवाय सोडणार नाही."

दिगंबर तालमीतला गडी. वामनराव खुर्चीत बसले, म्हणजे बसवले गेले. त्यांनी पोहे चावले नाहीत, नुसते गिळले. बशी रिकामी होताच दिगंबरने पुन्हा भरली, कारण एकदाच वाढणं बरं दिसत नाही. मग चहा. चहा गरम होता, म्हणून दिगंबरने स्वतः फुंकर घालून दिला.

वामनराव सुटले तेव्हा सासूबाई आणि कुंदा फाटकातून आत येत होत्या.

"अहो, होतात कुठे?" सासूबाई म्हणाल्या. "तुमचा गरुड चांगला अर्धा तास बसला होता. मासा धरून आणला, आमच्यासमोर फाडून खाल्ला. जाताना अगदी डोक्यावरून गेला. मला पक्ष्यांतलं काही कळत नाही, पण पोट पांढरंशुभ्र हो."

वामनराव पायरीवर मटकन बसले.

दिगंबरने मायेने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "बघा मामा, मी आग्रह केला म्हणून बरं. हे सगळं उपाशीपोटी ऐकावं लागलं असतं."