सकरी याडीची रास

मीठ अजून बैलांच्या पाठीवरून घाट चढून यायचं, त्या काळातली ही गोष्ट. फार वर्षांपूर्वीची. नेमकी किती, ते हातोळीत कुणालाच सांगता येत नाही, आणि शेजारच्या कारळ्यात विचारलं तर ते म्हणतात, हातोळीवाल्यांना विचारा.

त्या काळी लमाणांचा एक तांडा दर साली या वाटेनं मीठ घेऊन जायचा. थावरा नाईक हा तांड्याचा म्होरक्या. त्याच्या थोरल्या भावाची बायको सकरी. नवरा गेल्यावर तिच्या वाट्याला थोडे बैल आणि त्यांच्यावरच्या मिठाच्या गोण्या आल्या होत्या, आणि ते बैल ती स्वतःच हाकायची. अंगात आरशांची चोळी, दंडापर्यंत बांगड्या. असं म्हणतात, की त्या बांगड्यांचा आवाज दोन गावं अलीकडूनच ऐकू यायचा आणि बायका मिठाचं मडकं रिकामं आहे का ते बघायला आत जायच्या.

सकरीला एक खोड होती. तिला सगळं बघायचं असायचं. विहीर दिसली की वाकून बघणार, पाणी कडू की गोड विचारणार. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, कुणाची लेक कुठं दिली, गेल्या साली आजारी होती ती म्हातारी आता कशी आहे, सगळं तिला हवं. तांडा पुढं निघून जायचा आणि ही अजून पाणवठ्यावर उभी असायची. थावरा वैतागायचा. पण या खोडीमुळं झालं काय, की त्या मुलखात सकरीला ओळखत नाही असं घर उरलं नाही.

त्या साली तांडा हातोळीबाहेरच्या माळावर उतरला होता. सकाळी बैल पाण्यावर नेले तर एकही बैल पाण्याला तोंड लावेना. झाडांवर पाखरू नव्हतं. सकरीला नवल वाटलं, म्हणून ती वर बघत उभी राहिली, आणि गडगडाट झाला तो खालून. माळ लाटेसारखा हलला. उभे बैल गुडघ्यांवर आले. लमाणांच्या डोक्यावर छप्परच नव्हतं, म्हणून त्यांच्यातल्या कुणाला खरचटलंही नाही. पण हातोळीकडं बघितलं तर गावच नव्हतं. त्या जागी नुसता धुरळा उभा होता, आणि तो पुष्कळ वेळ खाली बसला नाही, असं म्हणतात.

तांड्यातली माणसं पहारी घेऊन धावली. सकरीही गेली. खरं सांगायचं तर ती आधी मदतीला नव्हे, बघायलाच गेली. तिची सवयच ती. हातोळीची घरं माळवदाची होती. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर हातभर मातीचं छत. उन्हाळ्यात थंडगार असणारी ती घरं माणसांवरच बसली होती. लमाणांनी आणि वाचलेल्या गावकऱ्यांनी मिळून ढिगारे उपसले. काही जण जिवंत निघाले, पुष्कळसे निघाले नाहीत.

गावाबाहेरच्या मोठ्या खळ्यावर वाचलेले लोक येऊन बसले. तिथं एकच गोष्ट चालली होती. हे का झालं? कुणी म्हणे देवीचा मान द्यायचा राहिला, कुणी म्हणे कुणाच्या तरी पापाचं फळ, कुणी म्हणे कारळ्याच्या लोकांनी काहीतरी करणी केली. कारळा ओढ्यापलीकडं. दोन्ही गावांत ओढ्याच्या पाण्यावरून जुनं वैर होतं आणि अलीकडंच त्या भांडणात कारळ्याचा एक माणूस मेला होता.

सकरी ऐकत फिरत होती. खळ्याच्या कडेला एक बाई जातं फिरवताना तिला दिसली. पडलेल्या घरातून एवढं जातंच धड निघालं होतं. बाई खुंटा धरून गरगरा फिरवत होती आणि जात्यातून काहीच पडत नव्हतं.

सकरी तिच्याजवळ बसली. "बाई, काय दळायलीस?"

"काही नाही," बाई म्हणाली. "हाताला सवय आहे."

सकरीला पुढचा प्रश्न सुचला नाही. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं, असं म्हणतात. गावाची ज्वारी पेवांत होती, जमिनीतल्या खड्ड्यांत, आणि त्या पेवांची तोंडं कुठल्या ढिगाऱ्याखाली गेली ते आता कुणालाच सांगता येत नव्हतं. सापडली तरी वर घराएवढे दगडमातीचे ढीग.

तांड्याकडं वाटेपुरतं धान्य होतं, त्यातलं अर्धं थावरानं खळ्यावर टाकलं. तो वाईट माणूस नव्हता. पण ओढ्याचं पाणी गढूळ झालं होतं, बैल बुजले होते, चाराही नव्हता. तो म्हणाला, इथं थांबलो तर तांडाच उपाशी मरेल. सकरीनं सांगितलं की ती मागून येईल. थावरानं तिच्याशी पुष्कळ वाद घातला. मोठी भावजय म्हणून तो तिला भोजाई म्हणायचा.

"भोजाई, तुझ्याकडं नुसतं मीठ आहे. मीठ खाऊन माणूस जगतो का?"

"नाही," सकरी म्हणाली. "पण मिठाशिवाय कुणाचं चालतं, तेवढं सांग."

तांडा गेला. सकरी तिचे बैल घेऊन राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं आसपासची गावं धरली. भूकंपानं थोडीफार सगळीकडं पडझड झाली होती, पण हातोळीसारखी कुठंच नाही. ती दारात उभी राहायची, घरच्यांची नावानं चौकशी करायची, मूठभर मीठ सुपात टाकायची आणि हातोळीच्या नावानं मूठभर धान्य मागायची. मूठ घरच्या बाईची. ती मोठी असो की लहान, सकरी कधी काही बोलली नाही. कुणी नुसतं ऐकून घ्यायचं आणि दार लावायचं, तर त्याच्याही उंबऱ्यावर ती मीठ ठेवून पुढं जायची. त्यातले पुष्कळ जण नंतर धावत मागं यायचे. मीठ घेतलेलं कुणाला झोपू देत नाही.

पहिल्या दिवशी ती धान्य घेऊन आली तेव्हा हातोळीचे नरसू पाटील पुढं आले. त्यांचा एक हात झोळीत बांधलेला होता. पाटील म्हणाले, आलं ते चांगलंच झालं, पण कुणाच्या घरचं कुठलं ते वेगळं सांगा. काही घरं काही घरांचं खात नव्हती. काही घरं तर गावातल्या गावातही एकमेकांचं खात नव्हती. खळ्यावर माणसं उपाशी होती आणि तरी माना डोलवत होती, की हो, हे बघायला हवं.

सकरीनं एकेक गोणी सोडली आणि सगळं खळ्याच्या मधोमध ओतलं. ज्वारी, बाजरी, तूर, हुलगे, मटकी, कुणाचे तांदूळ. पायानं ढवळून तिनं एक रास केली.

"आता तुम्हीच निवडून सांगा, पाटील," ती म्हणाली.

पाटील राशीकडं बघत राहिले. त्यांच्या पाठीमागं कुणीतरी हसलं. भूकंपानंतर हातोळीत पहिल्यांदा कुणी हसलं ते तेव्हा. मग चुली पेटल्या आणि त्या मिसळीची घट्ट आमटीसारखी खिचडी शिजली. गाव तिला याडी म्हणायला लागलं ते त्या जेवणापासून. लमाणांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

रास खाल्ली जायची, सकरी पुन्हा भर घालायची. असं पुष्कळ दिवस चाललं. पण मीठही संपत येतंच. शेवटची एक गोणी उरली, आणि न मागितलेलं गाव एकच उरलं होतं, कारळा. पाटील म्हणाले, हातोळीचा माणूस कारळ्याच्या दारात भीक मागणार नाही.

सकरी म्हणाली, "मी कुठं हातोळीची आहे?" आणि ओढा उतरून गेली.

कारळ्यात लोक जमले, पण सूप कुणी पुढं केलं नाही. ते म्हणाले, राहीला विचार. तिनं दिलं तर आम्ही देऊ. भांडणात मेला तो माणूस राहीचाच नवरा होता.

राही अंगणात बसली होती. सकरी मीठ न काढता तिच्यासमोर बसली. राहीनं कुठलंच भांडण काढलं नाही. ती म्हणाली, "त्या दिवशी तिकडं काय झालं, ते सांग."

तेव्हा सकरीच्या ध्यानात आलं. कारळ्यानं तो धुरळा बघितला होता, ओरडणं ऐकलं होतं, आणि वैरापायी ओढा ओलांडून कुणी गेलं नव्हतं. तेव्हापासून सगळं गाव न विचारता बसून होतं. सकरीनं सगळं सांगितलं. कुठलं घर पडलं, कोण निघालं, कोण नाही. लोक कुंपणाला येऊन ऐकू लागले. सांगता सांगता ती रिकाम्या जात्याच्या बाईपाशी आली.

"नाव काय तिचं?" राहीनं विचारलं.

मुलखाची चौकशी करणाऱ्या सकरीनं नेमकं तेवढंच विचारलं नव्हतं. तिनं बाईचा चेहरा सांगितला. हनुवटीवर गोंदण, एक भुवई मधेच तुटलेली.

"ती भुवई माझ्यामुळं तुटली," राही म्हणाली. "आम्ही झोक्यावरून पडलो होतो. माझ्या मावशीची अंबू ती. हातोळीत दिली."

नवरा गेल्यापासून राहीनं अंबूचं नाव घेतलं नव्हतं. ती उठून आत गेली. तिनं धान्याची कणगी फोडली आणि मूठ, पायली, काही बघितलं नाही. बैलावर मावेल तेवढं घातलं. मीठ मात्र तिनं घेतलं नाही. तिच्यामागं सगळा कारळा सुपं घेऊन आला.

आता पुढचं ऐका, कारण नवल खरं इथून आहे. त्या दिवसानंतर सकरीकडं मीठ नव्हतं आणि ती कुठं मागायलाही गेली नाही. तरी रास कमी होईना. दिवसा खाल्ली जायची, आणि उजाडताना बघावं तर होती तेवढीच. नव्या ज्वारीचं पीक हाती येईपर्यंत ती तशीच राहिली, असं म्हणतात. हातोळीवाले म्हणतात, तो याडीच्या पायाचा गुण. कारळ्यात विचारलं तर तिथल्या म्हाताऱ्या पदरानं तोंड पुसतात आणि काहीच म्हणत नाहीत.

नरसू पाटलांना राहवेना. त्यांनी ठरवलं, राशीजवळ झोपायचं आणि बघायचं. सकरीनं त्यांना अडवलं.

"पाटील, बघू नका. कोण ते कळलं, तर त्यांच्याशी पुन्हा भांडता यायचं नाही तुम्हाला."

 पाटील राशीजवळच झोपले, पण डोक्यावरून घोंगडं घेऊन. पहाटे ओल्या पायांची चाहूल त्यांना आली. ओढा ओलांडून आलेलीच माणसं ओल्या पायांची असतात. पाटलांनी घोंगडं काढलं नाही. त्यांनी फक्त कूस बदलली, येणाऱ्यांना जागा व्हावी म्हणून. आणि पुढं पाण्याची भांडणं झाली, तीही कमी, आणि काठी कुणी उचलली नाही.

सुगी झाली तेव्हा सकरीनं रिकामे बैल हाकले. गावानं तिला शिवेपर्यंत पोचवलं. तांडा गाठते, असं ती सांगून गेली. दुसऱ्या साली थावराचा तांडा मीठ घेऊन आला आणि त्यानंच हातोळीत विचारलं, आमची भोजाई कुठाय? हातोळीनं त्याच्याकडं बघितलं. सकरी तांड्याला कधी पोचलीच नव्हती.

थावरानं तिला पुष्कळ शोधलं. कुणी म्हणे ती उगवतीकडं जाताना दिसली. भूकंप तिकडंही झाला होता, आणि तिथं काय झालं ते बघायचं राहिलं होतं तिचं. लांब तिकडच्या गावांत अजून एका बाईची गोष्ट सांगतात. लमाणी वेशातली, रिकामे बैल घेऊन आलेली, दारोदार काहीतरी मागणारी. तिचं नाव तिथं वेगळं आहे. ती सकरीच की दुसरी कुणी, हे या गावचे लोक त्या गावच्या लोकांना भेटले की अजून विचारतात.

सुगी संपली की आजही हातोळीच्या खळ्यावर रास घालतात. दोन्ही गावची माणसं पहाटे येतात, धान्य ओततात आणि जातात. त्या वेळी खळ्याकडं तोंड करून कुणी उभं राहत नाही. पोरंसुद्धा आईच्या पदराआड पाठ फिरवून बसतात. त्यातलं थोडं शिजवून सगळे खातात. बाकीचं तसंच मिसळलेलं, पोत्यांत भरून ठेवतात.

मग कुठं पूर आला, कुठं आग लागली, कुठं धरणी हलली, की ट्रक निघतो. तिकडं मदतीची नोंद करणारी माणसं विचारतात, हे धान्य कुणी पाठवलं? गाडीवाले सांगतात, याडीनं. तिथल्या लोकांना वाटतं, हे एखाद्या मोठ्या संस्थेचं नाव असेल. गाडीवाले त्यांना काही सांगत बसत नाहीत. पोती उतरवून देतात.